खोट्या शिट्ट्या

त्या दुपारी शिट्टीकाकांना जन्मात पहिल्यांदा वाटत होतं, की कोचने उठून यावं आणि आपल्याशी मनसोक्त भांडावं. एरवी बास्केटबॉलचा रेफरी देवाकडे काही मागत असेल तर नेमकं याच्या उलट. कोच बाकावर बसावा, त्याची दातखीळ बसावी आणि मॅच संपेपर्यंत ती सुटू नये, एवढंच बिचाऱ्याचं मागणं. पण काकांची गोष्ट वेगळी होती. काकू हॉस्पिटलात होत्या. सकाळीच डॉक्टरांनी काकांना खोलीबाहेर बोलावून खालच्या आवाजात सांगितलं होतं, की कुणाला भेटायला बोलवायचं असेल तर आजच बोलवा.

बोलवायचं म्हणजे एकाच माणसाला. काकूंचा धाकटा भाऊ. हे गृहस्थ एका शाळेच्या टीमचे कोच होते, आणि बास्केटबॉलवाल्या सगळ्या मंडळींत त्यांना अपीलसर म्हणायचे. रेफरी नुसता शिंकला तरी हे हात वर करून उभे, कशावरून शिंकलात म्हणून. बाकीचे कोच रेफरी चुकला म्हणून भांडतात. अपीलसरांचं म्हणणं असायचं, नियमच चुकलाय. बास्केटखालच्या चौकटीत आपल्या पोराने तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नाही, हे लहान मुलालाही माहीत. पण अपीलसर विचारायचे, कुणाचे तीन सेकंद? तुमचे की माझे? तुमचे फार लवकर संपतात.

आणि शिट्टी वाजवायला समोर उभे कोण, तर सख्ख्या बहिणीचा नवरा. मेहुण्याला हा झुकतं माप देईल अशी शंका कुणाला चुकूनही आली नाही. उलट लोक म्हणायचे, काकांनी खोटा फाऊल दिला तर सूर्य दुसऱ्या बाजूने उगवेल. तेच नडलं. काही वर्षांपूर्वी फायनलला शेवटच्या क्षणी अपीलसरांच्या टीममधल्या एका पोराने समोरच्याला कोपर मारलं, काकांनी शिट्टी मारली, आणि हातातली मॅच एका पॉइंटने गेली. त्या दिवसापासून अपीलसरांनी बहिणीच्या घरची पायरी सोडली. काकांचा फोन उचलायचा नाही. रस्त्यात दिसले तर पलीकडच्या फुटपाथवर जायचं.

मॅचमध्ये मात्र इलाज नव्हता. तिथे रेफरीशी भांडल्याशिवाय अपीलसरांना अन्न पचत नसे. मग सगळं त्या भांडणातच उरकून घ्यायचे. हात हवेत, मानेच्या शिरा ताठ, सगळा हॉल श्वास रोखून बघतोय, आणि अपीलसर ओरडतायत, "हा ब्लॉकिंगचा फाऊल कसा, आणि ताईचा गुडघा कसा आहे?" काका त्याहून वरच्या पट्टीत, "ब्लॉकिंगच आहे, गुडघा बरा आहे, खाली बसा." लोकांना वाटायचं आता एकमेकांचा गळा धरतात. घरी आल्यावर काकू पहिला प्रश्न विचारायच्या, आज भांडला का तो? काका म्हणायचे, भांडला. मग काकू समाधानाने गॅसकडे वळायच्या.

मध्यंतरी काकूंनी एक चूक केली होती. भाऊ घरी यावा म्हणून एकदा ताप आलाय असा निरोप धाडला. तो धावत आला तर ताई स्टुलावर चढून माळ्यावरचे डबे पुसतेय. दुसऱ्यांदा न्हाणीघरात पडल्याचा निरोप. तो पुन्हा धावत आला, तर ताईच दार उघडायला. दोन्ही वेळा उंबऱ्यावरूनच मागे फिरला. तेव्हापासून ताईच्या आजारपणावर त्याचा काडीचा विश्वास उरला नव्हता. आता खरंच अंथरूण धरलं तरी काकांनी पाठवलेल्या प्रत्येक निरोपाला एकच उत्तर यायचं, डबे पुसून झाले की कळवा.

म्हणून त्या सकाळी, डॉक्टर गेल्यावर, काकूच म्हणाल्या, "अहो, तुम्ही आज मॅचला जा."

काकांनी साफ नकार दिला. तुला अशी टाकून मी शिट्ट्या मारत फिरू काय, म्हणाले.

"टाकून कुठे, त्याला आणायला पाठवतेय तुम्हाला. तो तुमच्याशी बोलतो ते फक्त तिथेच. भांडायला आला की हळूच सांगा." काकूंना एवढं बोलूनही धाप लागली. "आणि त्याला म्हणावं, या वेळी डबे नाहीत."

काका निघाले. दारापर्यंत जाऊन दोनदा परत आले. तिसऱ्यांदा काकूंनी डोळे मिटून घेतले, म्हणजे यांनी जावं एकदाचं.

हॉलवर पोचल्यावर पहिला घोळ कळला. शाळेच्या चालकांनी अपीलसरांना बजावलं होतं, की या स्पर्धेत तोंड उघडलंत आणि एक जरी टेक्निकल फाऊल आला, तर कोचची खुर्ची दुसऱ्याला. टेक्निकल म्हणजे कोचने नीट वागणं सोडलं की रेफरी देतो ती शिक्षा. असे दोन झाले की कोच हॉलच्या बाहेर, आणि अपीलसरांच्या नावावर असे ढीगभर. त्यामुळे आज त्यांनी एक जाडजूड नॅपकिन आणला होता. मॅच सुरू व्हायच्या आधीच त्याचं टोक दातांत धरून ते बाकावर बसले होते, दाढ काढायला बसलेल्या पेशंटसारखे.

काका त्यांच्याकडे चालत गेले. अपीलसरांनी मान फिरवली आणि शेजारच्या असिस्टंटला नॅपकिनमधून काहीतरी सांगितलं. असिस्टंट संकोचून म्हणाला, "सर म्हणतायत, आज ते रेफरीशी बोलणार नाहीत. तुम्हीही बोलू नका."

"अरे, त्यांना सांग, ताई सीरियस आहे."

असिस्टंटने सांगितलं. अपीलसरांनी नॅपकिन तसाच ठेवून हाताने स्टुलावर डबे पुसल्याची खूण केली. तेवढ्यात स्पर्धेचे चिटणीस पुढच्या रांगेतून खाकरले, वेळ झाली म्हणून. काकांना वर्तुळात जाऊन चेंडू उडवावा लागला.

काकांनी विचार केला, ठीक आहे. हा माणूस बोलत नाही म्हणतो, पण चुकीची शिट्टी याला सोसायची नाही. आजवर मी बरोबर शिट्ट्या मारल्या तरी उठून यायचा. चुकीची मारली तर उडीच मारेल. तो जवळ आला की दोन वाक्यं नीट, डोळ्यांत बघून सांगायची.

पहिली खोटी शिट्टी मारताना त्यांच्या तोंडाला कोरड पडली. शाळेचा उंच पोरगा चौकटीत नुसता पाय टाकून बाहेर निघाला होता. काकांनी तीन बोटं दाखवली, तीन सेकंद. पोराने आधी काकांकडे बघितलं, मग स्वतःच्या पायाकडे. अपीलसर अर्धे उठले. काका आशेने दोन पावलं पुढे सरकले. अपीलसर पुन्हा बसले. नॅपकिन थोडा आणखी आत गेला.

काकांनी मग ट्रॅव्हलिंग दिलं, म्हणजे टप्पा न टाकता चेंडू घेऊन चालल्याचा गुन्हा. चेंडू हातात घेऊन पोरगा पुतळ्यासारखा उभा होता, त्याला. प्रेक्षकांतून हुर्यो उठली. अपीलसरांचे कान लाल झाले, मग नाक, मग सगळं डोकं, पण तोंड बंद. काका बाकाजवळून पळता पळता म्हणाले, ताई खरंच हॉस्पिटलात आहे. अपीलसरांनी असिस्टंटकडे असं बघितलं, की पाहिलंस, हे मला उचकवतायत, खुर्ची घालवायला बसलेत.

म्हणजे जी वाट काढली, तीच बंद झाली. जेवढी खोटी शिट्टी, तेवढी अपीलसरांची खात्री की हा सापळा आहे. आणि काकांना दुसरं काही सुचेना. माणूस घाबरला की एकच एक गोष्ट करत सुटतो. ते शिट्टी मारत सुटले. धक्का न लागलेल्याला धक्का, हात न लागलेल्याला हात. त्यांच्या जोडीला नवी रेफरी होती, एका बँकेत कामाला असलेली तरतरीत मुलगी, काकांना गुरू मानणारी. ती आधी स्वतःचेच डोळे चोळायला लागली. मग चेंडू बाहेर गेला तेव्हा जवळ येऊन म्हणाली, "सर, मला काहीच दिसत नाहीये. तुम्हाला जे दिसतंय ते मला का नाही दिसत?"

"मलाही नाही दिसत गं," काका म्हणाले आणि पळाले.

सगळ्यात नवल पाहुण्या टीमच्या कोचचं. सज्जन माणूस. फुकटचे पॉइंट मिळून मिळून तो कावराबावरा झाला. शेवटी टाइम आउट घेऊन काकांकडे आला आणि म्हणाला, "सर, रागावू नका, पण तो फाऊल नव्हता हो. आमच्याच पोराने त्याला ढकललं." आपल्या बाजूने दिलेल्या निर्णयावर कोच हरकत घेतोय, हे कुठल्याही रेफरीने स्वप्नातही पाहिलं नसेल. काका त्याला म्हणाले, तुम्ही बसा, तुमचं काम नाही हे. तो बिचारा हात जोडून गेला.

मध्यंतराला चिटणीस आले. तब्येत बरी आहे ना, असं विचारायला आले, पण आवाजात वेगळंच होतं. मॅच संपली की खुलासा द्यावा लागेल, म्हणाले. काकांनी मान डोलावली. त्यांचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं. इतक्या वर्षांत त्यांनी ते घड्याळ खेळासाठीच बघितलं होतं. आज तेच घड्याळ भलत्याच वेळेसाठी पळत होतं.

दुसरा भाग सुरू झाला आणि अपीलसर बाटली उचलायला बाकावरून उठले. एवढंच. पाणी प्यायला. काकांनी दोन्ही हातांचा टी करून दाखवला. टेक्निकल.

 म्हणजे खुर्ची गेली हे सगळ्यांना कळलं, पोरांना सुद्धा. अपीलसरांच्या हातातून बाटली पडली, झाकण उघडं होतं, पाणी पसरलं. त्यांनी दातांतला नॅपकिन काढला, घडी करून बाकावर ठेवला आणि काकांकडे चालत आले. चिडलेला माणूस चालतो तसे नाही. हळू. असिस्टंट मागून त्यांचा शर्ट धरत होता, तो सुटला.

काकांच्या समोर येऊन ते थांबले आणि कितीतरी वर्षांनी नात्याने बोलले.

"भाऊजी, तुम्ही उभ्या जन्मात खोटा फाऊल दिला नाहीत. त्या फायनलचाही खराच होता. मी पाहिलं होतं त्याचं कोपर."

 काकांची शिट्टी अजून ओठांतच होती. श्वास सोडला की ती बारीक वाजायची.

"आज सगळेच खोटे दिलेत. म्हणजे... ताईचं खरं आहे?"

काकांनी शिट्टी काढली. "डॉक्टर म्हणाले, आजच बोलवा. ती म्हणाली, या वेळी डबे नाहीत म्हणावं."

 मग ज्या माणसाने आयुष्यात एकही निर्णय निमूट मानला नव्हता, तो वळला आणि हॉलच्या दाराकडे पळत सुटला. सांडलेल्या पाण्यावरून घसरला, हात टेकून सावरला, बॅग तशीच, चष्मा तसाच बाकावर. पोरं आ वासून बघत राहिली. प्रेक्षकांतल्या काहींनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हाकलला.

नवी रेफरी जवळ आली. काकांनी तिला खरं काय ते दोन वाक्यांत सांगितलं. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. म्हणाली, सर, तुम्हीही जा, एक रेफरी मॅच घेऊ शकतो, नियमात बसतं.

नियम काकांना ठाऊक होता. तिलाही त्यांनीच शिकवला होता. त्यांनी बोर्डाकडे बघितलं. शाळेची पोरं इतकी मागे पडली होती, की बोर्ड बघवेना, आणि त्यातले किती पॉइंट आपल्या शिट्टीने गेले ते फक्त काकांना माहीत होतं. पोरांचा काय गुन्हा? त्यांना कोच नाही, आता रेफरीही पळून गेला म्हणजे झालंच. उरलेली मॅच सरळ घेतो नि निघतो, ते म्हणाले. ते खरंच होतं. पण त्याखाली आणखी एक होतं, ते त्यांनी तिला सांगितलं नाही. त्यांना त्या खोलीत परत जायची भीती वाटत होती. इथे निदान कशावर कुठली शिट्टी मारायची ते कळत होतं.

आणि काकांनी मॅच अशी घेतली, की बघणाऱ्यांनी बघत राहावं. एक शिट्टी इकडची तिकडे नाही. झालं काय, की आपल्या सरांना पाणी पिताना हाकललं म्हणून पोरं पेटली होती. ती अंगात आल्यासारखी खेळायला लागली. उंच पोरगा तर भिंत होऊन उभा राहिला. अंतर कमी होत गेलं, आणखी कमी, आणि शेवटचा भोंगा वाजला तेव्हा दोन्ही बाजू बरोबरीत.

बरोबरी म्हणजे जादा वेळ. काकांनी भिंतीवरचं घड्याळ बघितलं.

जादा वेळ खेळली पोरं. पुन्हा बरोबरी. म्हणजे पुन्हा जादा वेळ. नवी रेफरी हातवारे करून सांगत होती, सर, जा ना. पण तेव्हा चेंडू हवेत असायचा, कुणी धावत असायचं, आणि अशा वेळी मैदान सोडायला काकांचे पाय शिकलेच नव्हते. एक खोटी शिट्टी मारली असती, या नाहीतर त्या बाजूला, तर मॅच तिथेच संपली असती. कुणाला कळलंही नसतं. शिट्टी ओठांशी आली आणि थांबली. खोट्या शिट्ट्यांचा सगळा साठा त्यांनी आज मेहुण्यावर संपवला होता.

कधीतरी संपली मॅच. एका बाजूची पोरं एकमेकांच्या अंगावर पडली, दुसऱ्या बाजूची जमिनीवर बसली. चिटणीस खुलासा मागायला उठले, तोवर काका त्यांच्या समोरून निघूनही गेले होते. नव्या रेफरीने त्यांना आपल्या स्कूटरवर बसवून हॉस्पिटलाच्या दाराशी सोडलं. 

वरच्या मजल्यावर सिस्टरने काकांना दाराशीच अडवलं. आत एक नातेवाईक आहेत, एका वेळी एकच.

काका म्हणाले, मी नवरा आहे.

"काका, नियम आहे."

"कुणी केला हा नियम? एकच का? दोन माणसं उभी राहिली तर कुठली भिंत पडते?" काकांचे दोन्ही हात हवेत गेले. मानेच्या शिरा ताठ झाल्या. इतकी वर्षं जे समोरून ऐकलं, ते सगळं एका दमात त्यांच्या तोंडून बाहेर यायला लागलं. नियमच चुकीचा आहे, तुमचं घड्याळ पुढे आहे, वरच्यांना बोलवा. सिस्टर ऐकून घेत होती. चेहऱ्यावर राग नाही, हसू नाही. खूप कोच पाहिलेला रेफरी उभा राहतो, तशी उभी. मग तिने कॉरिडॉरमधल्या बाकाकडे बोट दाखवलं. काका जाऊन बसले.

दाराच्या काचेतून मेहुणा दिसत होता. पाठमोरा, हात हलवत, काहीतरी जोरजोरात सांगत. काकूंचा चेहरा दिसत नव्हता, फक्त चादरीवरचा हात दिसत होता, आणि तो हात मधूनच वर उठून भावाला गप्प करत होता. काका बघत राहिले. आपण आत नाही, याचं त्यांना वाईट वाटलं. आणि तो आत आहे, याचं बरं. दोन्ही एकाच जागी दुखत होतं.

मग काकूंचा हात वर उठायचा थांबला. मेहुणा बाहेर आला. "जा भाऊजी. डोळा लागलाय तिचा."

काका आत गेले, हात हातात घेऊन बसले. म्हणाले, आणलं बघ त्याला. काकूंनी डोळे उघडले नाहीत. श्वास लांबून यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. खिडकीतलं ऊन पलंगावरून भिंतीवर गेलं, भिंतीवरून निघूनही गेलं, आणि त्याच सुमाराला काकूही गेल्या. शेवटचं जे काय बोलायचं, ते भावाशी बोलून झालं होतं.

नंतर सिस्टरने दोघांनाही बाहेर बसायला सांगितलं. आत काही करायचं असतं, ते करायला. दोघं बाकावर बसले. काका अजून रेफरीच्या शर्टातच होते. 

"काय म्हणाली?" काकांनी विचारलं.

"शिव्याच दिल्या. इतकी वर्षं वाया घालवलीत म्हणाली, दोघांनी." मेहुण्याने चष्मा काढायला हात नेला, तर चष्मा नव्हताच. "आणि मी सांगितलं ना, भाऊजींनी आज मला पाणी पिताना टेक्निकल दिला, तर हसायला लागली. मग खोकला आला. मग पुन्हा हसली."

काकांनी मान डोलावली.

"विचारत होती," मेहुणा म्हणाला, "मॅच कोण जिंकलं म्हणून. मी म्हटलं, भाऊजी आले की सांगतील." तो थांबला. "कोण जिंकलं?"

सांगायला म्हणून काकांनी सवयीने हात वर केला, बोट बाजूला काढलं. मॅच त्यांच्या डोळ्यांसमोर होती, पोरं एकमेकांवर पडलेली होती, जमिनीवर बसलेली होती. पण कुठली पोरं कुठे, ते काही केल्या आठवेना. हात तसाच हवेत राहिला, कुठल्या बाजूला दाखवावा ते त्यांना कळेना. शेवटी मेहुण्यानेच तो धरला, हळूच खाली घेतला आणि आपल्या मांडीवर ठेवला.